खिम्याचे कटलेट आणि चौपाटीची कुल्फी

आईने ठरवलं होतं की मला मुंबई दाखवायची, आणि तीही एका दिवसात, सगळीच्या सगळी. "तिकडे कोणी विचारलं, मुंबईच्या एवढ्या जवळ राहत होतीस, कशी असते गं मुंबई, तर काय सांगशील? पनवेलचा एस्टी स्टँड?" असं ती मला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची आणि मी गप्प बसायचे. गप्प बसण्यात मी तेव्हा पटाईत होते. माझ्या शाळेतल्या जुन्या मुलींना हे सांगितलं तर त्या हसून लोळतील, कारण पुढे मी वर्गात तोंड उघडलं की शेजारच्या वर्गालाही कविता पाठ व्हायची. पण अठराव्या वर्षी माझी जीभ आईच्या ताब्यात होती, आणि आई म्हणेल ती पूर्व दिशा असं आमच्या घरातलं भूगोलाचं पुस्तक होतं.

तिकडे म्हणजे इस्राएलला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. पनवेलमध्ये आमची बऱ्यापैकी घरं होती, पण माझ्या लहानपणापासून दर वर्षी एखाद्या घराला कुलूप लागायचं, सामान वाटून टाकलं जायचं आणि माणसं विमानात बसायची. आईचा धाकटा भाऊ, सॉलीमामा, असाच गेला होता. तो त्या वर्षी सुट्टीवर आला तो काळा चष्मा लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून, आणि येताना माझं भविष्य पिशवीत घालूनच आला. तो मला बरोबर नेणार होता. तिथे नर्सिंग शिकायचं, त्याच्याच घरी राहायचं, आणि यथावकाश चांगला मुलगा बघून लग्न. "ताई, इथे आपल्यात मुलगे उरलेत किती? उद्या हिला कोणाच्या गळ्यात बांधणार?" असं त्याने पहिल्याच दिवशी जेवताना विचारलं. आईने त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "घेऊन जा." झालं. पासपोर्ट आला, तिकीट आलं, आणि निघण्याच्या आधीच्या रविवारच्या मलिद्याचं सगळ्यांना सांगूनही झालं. मलिदा म्हणजे आमच्यातला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं. कोणी प्रवासाला निघालं, कोणाचं काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला की तो करायचा.

मला जायचं नव्हतं, आणि हे एकाही माणसाला सांगायची सोय नव्हती. मला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता, तोही गावातच. मला मराठी शिकवायचं होतं. लहानपणी ओट्यावर शेजारची पोरं बसवून मी खडूने भिंती खराब करत असे, तेव्हापासून दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिथे जाऊन मी मराठी कोणाला शिकवणार होते? मला स्वतःलाच नवी बाराखडी गिरवावी लागली असती. पण घर बघावं तर ही गर्दी. बाहेरच्या खोलीत मामाचं घोरणं, सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, स्टँडवरून एस्टीचे हॉर्न, आणि दिवसभर कोणी ना कोणी दारात: "काय रुती, चालली ना?" दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत प्रार्थना लिहिलेली गुंडाळी असलेल्या डबीला, बोटं लावून, ती ओठांना टेकवून, माणसं आत यायची आणि बसल्या बसल्या माझं अभिनंदन करायची. बाबा, म्हणजे माझे वडील, पंचायत समितीत कारकून. भला माणूस, पण घरातला कुठलाही प्रश्न ते चहाच्या कपात बघत सोडवायचे. त्यांना एकदा मी हळूच म्हटलं, "बाबा, मला डी.एड..." तर ते म्हणाले, "आईला विचारलंस?" आणि पुढचा घोट घेतला. रागच आला मला त्यांचा. अजूनही थोडा येतो.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी बाबांना सरकारी सुट्टी होती. तोच दिवस आईने मुंबईला दिला. आदल्या दिवशी आमची नेहमीची कोळीण दारात टोपली उतरवून बसली. तिला आमचे नियम आमच्यापेक्षा जास्त पाठ. खवले नसलेली मासळी ती आमच्यापुढे काढायचीसुद्धा नाही. "ताय, रावस हाय बघ कसा ताजा. कोलबी तुमाला चालत नाय, ती मी आनलीच नाय. उद्या परवासाला चाललाव ना? तळून नेशील नेहमीसारका," ती म्हणाली. आमच्याकडे प्रवासाचा डबा ठरलेला असायचा, तळलेला रावस नाहीतर उकडलेली अंडी. मटण कधीच नाही. कारण आमच्यात मटणाबरोबर दूध चालत नाही, आणि नुसतं बरोबर नाही असं नाही, दुपारी मटण खाल्लं तर आमच्या घरी दिवेलागणीपर्यंत दूध, दही, तूप, चहातलं दूधदेखील तोंडात जायचं नाही. आणि प्रवासात बाबांना तर पावलापावलावर चहा लागायचा. पण त्या दिवशी आई म्हणाली, "आज नको गं मासळी." कोळीण चक्रावली. "नको? का गो ताय, तब्येत बरी हाय ना?" तिने दोनदा विचारलं, मग टोपली उचलून बडबडत पुढे गेली. संध्याकाळी हज्जानकाकांकडून, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांकडून, रीतीप्रमाणे कापलेलं मटण आलं. आईने खिमा केला, त्यात आलं, मिरची, कोथिंबीर, उकडलेला बटाटा मिसळला, आणि पहाटे कटलेट तळायला बसली तेव्हा त्या वासाने मामा उशी टाकून स्वयंपाकघरात आला. "ताई गं, हे खायला मी सात समुद्र ओलांडून आलो," म्हणत त्याने कढईतनंच एक उचललं आणि हात भाजून घेतला.

तेव्हा पनवेलला रेल्वेने मुंबईला जायची आजच्यासारखी सोय नव्हती. पहाटेची एस्टी धरून आम्ही निघालो. आई खिडकीशी, मांडीवर डब्यांची पिशवी, पायात नव्या चपला. खाडीच्या पुलावर गाडी आली तशी तिने मला कोपराने ढोसलं. "बघ. ही खाडी. पाहिलीस?" मी म्हटलं, "पाहिली." त्या दिवशी हाच आमचा संवाद होता. (आता माझा भाचा गाडीने समुद्रावरच्या नव्या पुलावरून मला एवढ्या झटक्यात पलीकडे नेतो की मला नीट खिडकीतून बघायलाही होत नाही. आईला हा पूल आवडला असता. तिने एका दिवसात आणखी दोन ठिकाणं कोंबली असती.)

राणीच्या बागेत शिरलो ते जवळजवळ पळतच. पाणघोडा पाण्यातून वर येईपर्यंत थांबायची आईची तयारी नव्हती. "हे त्याचं नाक. पाहिलंस? चला." हत्ती, चला. माकडं, "ही काय बघायची, आपल्या कर्नाळ्याला आहेत," चला. मामा आपला मागे राहून फोटो काढतोय आणि बाबा चहाची टपरी हेरतायत, तेवढ्यात ही पुढच्या गेटापाशी उभी राहून हाक मारतेय. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर कोणी कॉलेजची मुलं बसली होती. आईने त्यांना सांगितलं, "बाळांनो, तुम्ही रोज बसता. हिला एकदाच बसायचंय." मुलं मुकाट्याने उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसले. समोरून सगळा रस्ता आमच्या पोटाखाली येत होता आणि 'हिला एकदाच' हे शब्द काही केल्या कानातून जाईनात.

म्युझियममध्ये आईने प्रत्येक कपाटापुढे मला उभं केलं. मूर्ती, तलवारी, पेंढा भरलेले पक्षी. "ताई, तिला श्वास तरी घेऊ दे," मामा म्हणाला. "श्वास विमानात घेईल," आई म्हणाली. मग गेटवे. तिथे समुद्राच्या कठड्याशी बसून आम्ही डबा उघडला. तेल लावलेल्या चपात्या, कांदा, आणि ते कटलेट. चपात्यांना तूप नाही हे बघून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण भूकच अशी लागली होती की कोणाला भान नव्हतं. मामा तर डब्यावर तुटून पडला. तोंडात घास असतानाच म्हणाला, "दाजी, आता संध्याकाळी चौपाटीवर मलई कुल्फी. तिथे वाळवंटात उन्हाने डोकं फुटायची वेळ आली की मी डोळे मिटून ती कुल्फी आठवतो. यंदा खाल्ल्याशिवाय परत जाणार नाही, शप्पथ!" आणि बाबा, जे चपातीचा शेवटचा तुकडा पुसून घेत होते, थांबले. हातातल्या चपातीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "अगं," ते म्हणाले, "पण हे मटण आहे."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाबांचंही, कारण त्यांचा तिथून पुढचा सगळा चहा कोरा होणार होता. "असं कसं केलंस गं ताई? तू?" मामा म्हणाला. आईने डब्याची झाकणं लावली. "झालं खरं. थांबू दिवे लागेपर्यंत, त्यात काय. कुल्फीवाला कुठे पळून जातो?" "अगं पण शेवटची गाडी..." बाबा म्हणाले. "मिळेल," आई म्हणाली. मामा म्हणाला, "एक दिवस चालतं गं ताई. तिथे अर्धी दुनिया पाळत नाही." त्यावर आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने काळा चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तिथे चालत असेल, सॉली. मी पनवेलची आहे." आता बघा, पवित्र भूमीवरून आलेला माणूस नियम मोडायला निघालेला, आणि पंचायत समितीतल्या कारकुनाची बायको तो हलू देत नाही! मला हसू आलं. त्या आठवड्यातलं माझं ते पहिलं हसू.

हँगिंग गार्डन झालं. म्हातारीच्या बुटात तर आई स्वतः चढली, मोठी बाई, लहान पोरांच्या रांगेत, आणि वरच्या खिडकीतून ओरडली, "रुती, पाहिलं का गं?" मग टेकडी उतरून चौपाटीवर आलो तर सूर्य अजून चांगला वर होता. कुल्फीवाल्याची हातगाडी समोर, मटक्यावर ओलं लाल फडकं. मामा तिच्याकडे बघणार नाही असं ठरवून समुद्राकडे तोंड करून बसला, आणि दर दोन मिनिटांनी मान आपोआप वळायची. बाबा कुठून तरी कोरा चहा मिळवून आले आणि एका घोटात तोंड वाकडं करून ओतून दिला. शेवटी आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन जरा पाय मोकळे करून या. जा, लांब जा. आम्ही पिशव्या सांभाळतो."

ते दोघं पाण्याच्या कडेने लहान होत गेले. आईने चपला काढल्या. टाचा सोलवटून रक्त आलं होतं, आणि दिवसभरात तिने हूं की चूं केलं नव्हतं. वाळूत पाय खुपसून ती बसली आणि समोर बघत म्हणाली, "मुंबई पाहिलीस?"

"पाहिली."

"सगळी?"

"सगळी."

"मग आता सांग. जायचंय का तुला?"

मला आधी वाटलं ती घरी जायचं विचारतेय. मी म्हटलं, "मामाची कुल्फी राहिलीय ना." ती एकदम चिडली. "कुल्फी गेली खड्ड्यात! इस्राएलला जायचंय का, ते विचारतेय. खरं बोल. इथे हज्जान नाहीत, शेजारपाजारचं कोणी नाही. मी काही म्हणणार नाही." आणि मला रडूच कोसळलं. आजूबाजूला भेळ खाणारी माणसं, फुगेवाले, घोड्यावर बसलेली पोरं, आणि मी अठरा वर्षांची घोडी आईच्या पदरात तोंड घालून हुंदके देतेय. नाही जायचं, मी म्हटलं. डी.एड. करायचंय. मराठी शिकवायचंय, इथेच, पनवेलला. लग्न झालं तर झालं, नाही तर नाही. मला तिकडे जाऊन गप्प बसायचं नाहीये. हे सगळं एका दमात. इतकं सलग मी तोवर घरात कधी बोलले नव्हते.

आई ऐकत राहिली. मग तिने पदराने माझं तोंड पुसलं, जोरात, लहानपणी पुसायची तसं. "मी त्याला शब्द दिलाय," ती म्हणाली. "म्हणून तू सांगायचंस. मी सांगितलं तर तो भावाच्या नात्याने भांडेल, आठवणी काढेल, आणि मी विरघळेन. मला माहितीय ना मी. तू सांगितलंस तर त्याला ऐकावं लागेल. आणि रडत नाही सांगायचं. उभं राहून सांगायचं."

दोघं परत आले तेव्हा उजेड मावळायला लागला होता. मी उभी राहिले. पायाखालची वाळू सरकत होती म्हणून एक पाय जरा रोवला. "मामा, मी येणार नाही," मी म्हटलं. "मी डी.एड. करणार आहे. मला शिक्षिका व्हायचंय." आवाज थोडा चिरकला, पण थांबला नाही.

मामाने आधी माझ्याकडे, मग आईकडे बघितलं. "हे काय नवीन? ताई, तू हिला काही बोललीस? अगं सगळं ठरलंय! अख्ख्या पनवेलला सांगून झालंय! रविवारी मलिदा आहे!"

"अख्ख्या पनवेलला मी परत सांगेन," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "आणि मलिदा होईल. पोहे वाया जाणार नाहीत. पोरीला मास्तरीण व्हायचंय, त्याचा मलिदा."

"आणि मुलगा कुठून आणणार?"

"आला तर येईल. नाही आला तर मी आहे."

मामा खूप बोलला. इथे काय ठेवलंय, दहा वर्षांनी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारी दहा माणसंही जमणार नाहीत, ही एकटी पडेल, तेव्हा मला सांगू नका. सगळं अगदी खोटं होतं असंही नाही. तो माझ्या भल्याचंच बोलत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. पण मी खाली बसले नाही. मग बाबा, ज्यांनी आयुष्यात कोणाच्या मध्ये तोंड घातलं नव्हतं, खाकरून म्हणाले, "सॉली, दिवे लागले." खरंच लागले होते. किनाऱ्याच्या वळणावर एकेक करत, लांबपर्यंत. "चल. कुल्फी खाऊ. पोरगी शहाणी आहे माझी." एवढंच. बाबांवरचा माझा निम्मा राग तिथे उतरला.

मामा पहिल्यांदा नको म्हणाला. मग एक खाल्ली, मग दुसरी, आणि तिसरी खाताना नाक ओढत म्हणाला, "चव तीच आहे रे, दाजी." शेवटची गाडी मिळाली, उभ्याने यावं लागलं. रविवारी मलिदा झाला. आईने दारात उभं राहून एकेकाला सांगितलं, आणि ज्याने तोंड वेंगाडलं त्याच्या हातात जरा जास्तच पोहे घातले.

मी शिकवलं, चांगली भरपूर वर्षं. लग्नही झालं, उशिरा, अलिबागकडच्या माणसाशी, आपल्यातल्याच. मामा म्हणाला होता त्यातलं काही खरंही झालं. आता आमची माणसं इथे थोडी, प्रार्थनेला कधी पुरतात, कधी नाही, आणि सणाला शेजारच्या कुळकर्णीबाईच जास्त हौसेने येतात. खांदा कॉलनीतल्या माझ्या गॅलरीतून हल्ली विमानं दिसतात. मी चहा घेत बघते आणि मला कुठेही जायचं नसतं. हे बळ कुठून आलं, ते मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. बऱ्याच वर्षांनी मामा पुन्हा सुट्टीवर आला, या खेपेला बायकामुलांना घेऊन, आणि आईच्याच यादीबरहुकूम मुंबई दाखवायचा बेत मी आखला. आई तेव्हा थकली होती, बरोबर येणार नव्हती. स्वयंपाकघरात पाट घेऊन तांदूळ निवडत बसली होती. कोळीण दारात, टोपलीत रावस. मी चेष्टेने म्हटलं, "आई, डब्याचं मी बघते हं. तुझ्यावर सोपवलं तर तू परत मटण बांधशील आणि मामा परत दिवसभर कुल्फीकडे बघत बसेल."

आईने ताटातला खडा उचलून बाजूला टाकला. "रुती," ती म्हणाली, "मी जन्मात कधी दूध-मटणाची गल्लत केलीय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. कोळीण नाकारलेली, तेल लावलेल्या चपात्या, टाचांतून रक्त येईपर्यंत ती धावपळ, आणि मग ते वाळूत बसून राहणं, जिथून दिवे लागेपर्यंत कोणालाच उठता येणार नव्हतं. हे कळायला इतकी वर्षं लागली. मला, मास्तरणीला. तिने तांदळाचं ताट एकदा पाखडलं आणि दाराकडे हनुवटी केली.

"जा, रावस घे. या वेळी कोणाला काही विचारायचं नाहीये."